लॉकरमधल्या चपला

चाकणच्या बाजारातली आमची बँक हायवेलगतच्या काचेच्या इमारतीत गेली आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दारातच चपला काढल्या. एवढ्या चकचकीत फरशीवर चपला घालून जाणं त्यांना पटेना.

मी वैतागलो. "अण्णा, हे काय देऊळ आहे?"

"देवळात तरी लोकं एवढी गप रांगेत उभी ऱ्हात्यात व्हय?"

त्यांचं बघून मागच्या चार म्हाताऱ्यांनीही चपला काढल्या. बाहेर येऊन पाहतो तर बाकीच्यांच्या जागेवर, फक्त अण्णांच्या गायब! अण्णा अनवाणीच मॅनेजरच्या केबिनमध्ये घुसले. "आख्ख्या गावाचं सोनं सांभाळता, आन् माझ्या चपला सांभाळता येत न्हाईत?"

ओशाळलेल्या मॅनेजरने त्यांना लॉकरची माहिती दिली. पुढच्याच आठवड्यात अण्णांनी लॉकर घेतला. मी खूश झालो. आईचं सोनं एकदाचं ज्वारीच्या डब्यातून सुटणार!

लॉकर उघडून अण्णांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेल्या कोऱ्या कोल्हापुरी चपला काढल्या आणि आत ठेवल्या.

"आणि सोनं?" मी ओरडलोच.

"आधी ह्या वरीसभर टिकू देत," चावी खिशात टाकत अण्णा म्हणाले, "मग सोन्याचं बघू."