शनिवारची उलटी बाजू

सुधाकर गेल्याचं मला आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या फोनवरून कळलं. "सर, तुम्हाला तर आधीच कळलं असेल..." तो म्हणाला. मला कळलं नव्हतं. क्लासमधून त्याला काढल्यापासून मी त्याला फोनच केला नव्हता.

दिल्लीत राजेंद्रनगरमधल्या एका क्लासमध्ये आम्ही दोघं तत्त्वज्ञान शिकवायचो. समोर बीड, लातूर, नंदुरबारकडून यूपीएससीसाठी आलेली मुलं. शनिवारचा वादाचा तास ही सुधाकरची कल्पना. आपल्याला न पटणारी बाजू जीव तोडून मांडायची. त्याची बाजू मी ठरवायचो, माझी तो. आपण चुकत असू शकतो, म्हणून तर दुसऱ्याला बोलू द्यायचं, हे त्याचं खरं मत. मुलं चिडवायची, सर, तुम्ही तर डासालाही बाजू मांडू द्याल.

एका शनिवारी मी मुद्दाम त्याला अवघड बाजू दिली. तो कडाडला, "ज्याला काही कळत नाही, त्याला बोलायचा हक्क हवाच कशाला?" कोणीतरी तेवढंच वाक्य मोबाइलवर टिपलं आणि ते गावोगाव फिरलं. खेड्यातल्या मुलांना हिणवणारा मास्तर, अशी त्याची ओळख झाली.

संचालकांनी मला बोलावलं. "सर, ये उनकी अपनी राय है क्या?" एक 'नाही' पुरला असता. पण लोक चिडलेले होते, त्यात मीही ओढला जाईन या भीतीने मी म्हणालो, "किसी के मन की बात पक्के तौर पर कौन जान सकता है?" वर्षानुवर्षं शिकवलेला संशयवाद असा कामी आला.

कपाट रिकामं करताना सुधाकर माझ्याकडे न बघता म्हणाला, "ज्ञानाची व्याख्या इतकी कडक तू वर्गात कधी लावली नव्हतीस, यार." पुढे कुठल्याच क्लासने त्याला दारात उभं केलं नाही.

परवा नोएडाला सुधाकरच्या घरी गेलो. खिडकीशी दोन खुर्च्या समोरासमोर होत्या. एकीवर बसून तो स्वतःची बाजू मांडायचा, मग उठून दुसरीवर बसायचा आणि माझ्या वतीने उत्तर द्यायचा... वहिनी सांगत होत्या. मी उभाच राहिलो.

"भाऊजी, ते यांचं मत नव्हतं, हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"हो." क्षणभरही विचार करावा लागला नाही.

"आधी हेही तसंच म्हणायचे," वहिनी म्हणाल्या. "मग म्हणायला लागले, कदाचित त्याला खरंच ते माझंच मत वाटलं असेल. शेवटपर्यंत यांना काही नक्की कळलं नाही."