बावखलाच्या पलीकडची बायको
स्पिरिटचा वास आला की लोकांना सुई आठवते, मला भुईगावची सासुरवाडी आठवते आणि जुना मत्सर जागा होतो. लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते. बायको तिच्या आत्याबरोबर काशीला जाऊन आली आणि मागोमाग कळलं, की परतीच्या डब्यात शेजारी बसलेल्या बाईला देवी निघाल्या. झालं! दोघींना हिच्या माहेरी, केळीच्या वाडीतल्या खोलीत वेगळं ठेवलं. मी नंदाखालहून रोज सायकल हाणत जायचो, पण सासूबाई बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठावरच अडवायच्या, "जावईबापू, पाण्याच्या पलीकडे जायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय." डॉक्टर म्हणजे आरोग्य खात्याचा एक देखणा तरुण. तो मात्र स्पिरिटने हात पुसून थेट उंबऱ्यात बसायचा, हिच्या कपाळाला हात लावून ताप बघायचा, हळूच काहीतरी विचारायचा आणि ही हसायची. आत्या आत घोरत. मी शेवाळलेल्या पाण्यावरून ओरडायचो, "कधी सोडणार तुला?" ती बोलायच्या आधी धुणं धुणाऱ्या बायकाच उत्तर द्यायच्या, "अजून नाय, जावय!" खरं सांगतो, मला देवीपेक्षा त्या पोराचीच धास्ती जास्त होती. शेवटी अंगावर पुटकुळीही न उठता ही सुटली. सायकलवरून घरी आणताना मी विचारलंच, "तो रोज एवढं काय विचारायचा गं?" "रात्री झोप लागली का, भीती वाटते का," ती म्हणाली. "तुम्ही विचारलंत कधी?" आता केस पिकलेत. रोज सकाळी चहा घेताना मी न चुकता विचारतो, झोप लागली का. ती कपात बघत म्हणते, "तो छान विचारायचा."