प्रवीणने पाच स्टार दिले

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार शकुंतलाबाई मेश्राम यांचे आहेत. त्या नागपूरला नंदनवनात राहतात. अंगणवाडी सेविका होत्या, आता निवृत्त आहेत. मी त्यांना आई म्हणतो. माझी जन्मदाती उमरेडला होती, ती आता नाही. तिला अंगठा उठवावा लागे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं.

शकुंतलाबाईंचा मुलगा प्रवीण मला फौजेच्या भरतीच्या रांगेत भेटला. दोघेही निवडले गेलो आणि एकाच युनिटला गेलो. पहिल्या सुट्टीत तो मला घरी घेऊन गेला. आईंनी ताट वाढलं आणि विचारलं, "पुढं शिकून राहिला का नाही?"

मी म्हणालो, "फौजेत टाइम कुठं राहते, आई?"

त्यांनी माझं काही ऐकलं नाही. मुक्त विद्यापीठाचा फॉर्म त्यांनीच आणला. पुस्तकं युनिटच्या पत्त्यावर पार्सलने पाठवायच्या. महत्त्वाच्या ओळींखाली पेन्सिलीने रेघा असत. सुट्टीवर गेलो की जेवणाआधी प्रश्न विचारायच्या. मी अडखळलो की म्हणायच्या, "तोंडी येत नसंल तर लिहून दे. लिहिताना डोकं जागेवर राहते. तेही येत नसंल तर येत नाही असं लिही." प्रवीण बाजूला बसून जेवायचा आणि हसायचा.

मी हवालदार म्हणून निवृत्त झालो. आज बँकेत क्लार्क आहे, हुडकेश्वरला दोन खोल्यांचं घर आहे. हे सगळं त्या बी.ए.च्या कागदामुळे आहे आणि तो कागद आईंमुळे आहे.

प्रवीण सुट्टीवर आला की आईंना पिक्चरला न्यायचा. तो गेल्यावर ते काम मी घेतलं. बँकेतले धोटेभाऊ प्रतापनगरहून येतात. त्यांनी न पाहिलेला पिक्चर सहसा सापडत नाही. तिघं मिळून पिक्चर पाहायचा, मग तर्री पोह्याच्या ठेल्यावर बसून त्याची चिरफाड करायची, असा आमचा रिवाज आहे.

मागच्या आठवड्यात युद्धाचा पिक्चर पाहिला. शेवटी नायकाला तीन गोळ्या लागतात. तो बर्फात पडतो आणि खूप वेळ बोलतो. देशाबद्दल बोलतो, आईला निरोप देतो, मित्राला स्वतःचं घड्याळ देतो. मागे बासरी वाजत असते.

ठेल्यावर धोटेभाऊ म्हणाले, "आपल्याकडून चार स्टार. शेवटी माहा रुमाल ओला झाला."

"एसी बंद होता, धोटेभाऊ. माझाही झाला."

"तू फौजी हायेस, तुले काही वाटत नाही. पण खरं सांग, गोळ्या लागल्यावर एवढं बोलते का गा माणूस?"

"पिक्चर आहे," मी म्हणालो.

"मावशी, तुम्ही सांगा. किती स्टार?"

आईंनी पोह्यातले चणे बाजूला सारले. "चांगला होता," म्हणाल्या.

आई पूर्वी अशा नव्हत्या. एकेका पिक्चरचा पार भुगा करायच्या. नायिकेची साडी पावसात ओली झाली आणि दारात येईपर्यंत वाळली, हेही सोडायच्या नाहीत. गेल्या वर्षापासून कोणताही पिक्चर असो, "चांगला होता" एवढंच म्हणतात. मला ते बरं वाटत नाही. का, ते पुढे सांगतो.

मी त्यांना घरी सोडायला गेलो. फाटकाशी उतरल्यावर त्या थांबल्या.

"सुधाकर, माहा प्रवीण शेवटी काय बोलला गा?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी एकदाही विचारला नव्हता.

"आई, तोंडी येत नाही. लिहून देतो," मी म्हणालो.

"बरं," म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्या प्रश्नाचं उत्तर समजायला आधी आमची पोस्ट सांगावी लागेल.

पोस्ट उंचावर होती. हिवाळ्यात खालचा रस्ता बंद व्हायचा. आमच्या पोस्टचं रेडिओवरचं नाव अल्फा. तिथून वर, दोराने चढावं लागे अशा जागी, ब्राव्हो नावाची छोटी पोस्ट होती. तिथे तीन जवान आळीपाळीने राहत. आमचे कमांडर नायब सुभेदार साळुंखे साहेब, साताऱ्याकडचे. मी लान्सनायक आणि रेडिओ ऑपरेटर.

काम रोजचंच. बर्फ काढा, रॉकेलची शेगडी पेटवा, हत्यार साफ करा, ड्युटी करा. संध्याकाळी करमणूक एकच. सुट्टीवरून आलेल्या जवानाने पाहिलेला पिक्चर सगळ्यांना सांगायचा. आधी पूर्ण गोष्ट, मग चर्चा, मग स्टार. साळुंखे साहेब फक्त मारामाऱ्या मोजत. नर्सिंग असिस्टंट बिजू केरळचा होता. तो आपल्या भाषेतले पिक्चर हिंदीत सांगायचा. कोणाला काही कळत नसे, पण त्याला राग येऊ नये म्हणून चार स्टार देत. प्रवीण कधीही अडीचच्या वर गेला नाही. बिजूच्या पिक्चरलाही त्याने दीड दिला होता. "कळला असता तर एक दिला असता," म्हणाला.

या चर्चेला पुढे वेगळाच उपयोग मिळाला. उंचावर हवा विरळ असते. काही जणांच्या मेंदूला सूज येते. आधी डोकं दुखतं, मग माणूस गोंधळतो, तोल जातो. वेळेत खाली नेलं नाही तर तो वाचत नाही. पण जवान सांगत नाही. विचारलं तर "सब ठीक" म्हणतो. एकदा एक जवान संध्याकाळच्या चर्चेत प्रत्येकाला मान डोलावत बसला. चांगला म्हणणाऱ्यालाही हो, वाईट म्हणणाऱ्यालाही हो. बिजूने त्याला दुसऱ्या दिवशी खाली पाठवलं. हॉस्पिटलने कळवलं, वेळेत आणलात.

तेव्हापासून बिजूने नियम केला. रेडिओवर रिपोर्ट झाला की ब्राव्होवरच्या जवानांना पिक्चरबद्दल एक प्रश्न विचारायचा. माणूस वाद घालतो तोवर ठीक. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, पण चालत होतं.

त्या हिवाळ्याआधी प्रवीण आणि मी एकत्र सुट्टीवर आलो होतो. आईंना घेऊन सीताबर्डीला पिक्चर पाहिला. दोन भावांचा. थोरला पैलवान, त्यानेच धाकट्याला तयार केलेलं. शेवटची कुस्ती दोघांत होते. जिंकणाऱ्याला नोकरी मिळणार असते आणि थोरला मुद्दाम हरतो. मी रडलो. बाहेर आल्यावर प्रवीणने मला सोडलं नाही.

"तुले पडद्यावर पाण्याची बाटली दाखवली तरी रडशीन. जिंकणारा माणूस हरते काहून? डायरेक्टरले तिकिटं खपवायची होती म्हणून."

"भावासाठी हरला गा तो."

"मंग भावाले कुस्ती शिकवली कशाले?"

आई मध्ये पडल्या. "मले एक सांगा. त्या दोघाच्या मायले कोणी विचारलं का? दारात उभी हाय निसती. एक पोरगा हरते, एक जिंकते, आन् ते पानी घेऊन उभी."

"माय, पिक्चर पैलवानाचा हाय, मायचा नाही."

"तेच म्हनून राहिली ना मी."

नंदनवनात पोहोचेपर्यंत दोघं भांडत होते. ऑटोवालाही शेवटी आईंच्या बाजूने बोलला. प्रवीण त्याला म्हणाला, "तू पुढं पाहून चालव ना बाबा."

हिवाळ्यात प्रवीण, गवळी आणि आणखी एक जवान ब्राव्होवर होते. हवा दोन दिवसांपासून खराब होती. दुपारच्या रिपोर्टला मी सेट उघडला.

"ब्राव्हो, अल्फा. रिपोर्ट. ओव्हर."

"अल्फा, ब्राव्हो. सब ठीक. ओव्हर." आवाज प्रवीणचा होता.

बिजू माझ्याजवळ बसला होता. म्हणाला, "पूछो."

मी विचारलं, "पैलवानाच्या पिक्चरले किती स्टार? ओव्हर."

खरखरीतून उत्तर आलं.

"पाच दे. ओव्हर."

मला वाटलं, टोमणा आहे. "पाच? काल तर एक देऊन राहिला होता. ओव्हर."

"तू म्हणतं ते बराबर हाय. चांगला होता. ओव्हर."

बिजूला मराठी येत नव्हतं, पण पाच हा आकडा त्याला कळला. त्याने हँडसेट घेतला. "गवळी को दो."

गवळीने सांगितलं. आदल्या संध्याकाळी प्रवीणचं डोकं दुखत होतं, गोळी घेऊन झोपला. सकाळपासून बूट हातात धरून बसला होता. बाहेर गेला तेव्हा तिरपा चालत होता. गवळीने त्याला पडून राहायला सांगितलं, पण रिपोर्ट मीच देणार म्हणून तो सेटवर आला.

बिजूने गवळीला एकेक सूचना दिली. ऑक्सिजन लाव. इंजेक्शन दे. डोकं उंच ठेव. झोपू देऊ नको. साळुंखे साहेबांनी खाली हेलिकॉप्टर मागितलं. उत्तर आलं, "व्हिजिबिलिटी नाही. स्टँडबाय."

साहेबांनी बिजू आणि चार जवान घेतले, दोर घेतले. मीही बूट बांधायला लागलो.

"तू कुठं निघालास?"

"साहेब, मेश्राम..."

"सेटवर बस. त्याला बोलतं ठेव. ही ऑर्डर आहे."

ते बर्फात दिसेनासे झाले. मी सेटवर बसलो. वर गवळीने हँडसेट प्रवीणच्या कानाशी धरला. काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी तोच पिक्चर सांगायला घेतला. पहिल्यापासून. नावं, आखाडा, गाणीसुद्धा. तो भांडावा म्हणून मी मुद्दाम चुकीचं सांगितलं. धाकटाच खरा चांगला पैलवान होता म्हणालो. तो म्हणाला, "हो." गाणी फार सुंदर होती म्हणालो. "हो." डायरेक्टरला बक्षीस द्यायला पाहिजे म्हणालो. "हो."

जो माणूस माझं खरं असलेलंही कधी कबूल करत नव्हता, तो माझ्या प्रत्येक खोट्याला हो म्हणत होता. मी सांगत राहिलो. शेवटच्या कुस्तीजवळ आलो तेव्हा तो एक वाक्य बोलला. त्यानंतर बोलला नाही. मी पिक्चर संपवला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.

उजेड कमी झाला होता तेव्हा सेटवर साळुंखे साहेबांचा आवाज आला.

"अल्फा, पोहोचलो. मेश्राम राहिला नाही. ओव्हर."

मी म्हणालो, "रॉजर. आऊट." लॉगमध्ये नोंद केली. ते माझं काम होतं.

बिजू परत आला तेव्हा त्याच्या हातमोज्यांवर बर्फ घट्ट झाला होता. त्याने ते काढले नाहीत. शेगडीपाशी बसला आणि एकदाच म्हणाला, "उसने पाँच बोला था ना, तब तक देर हो गई थी."

हवा उघडल्यावर प्रवीणला खाली आणलं. नागपूरपर्यंत मी सोबत होतो. नंदनवनात सगळी गल्ली भरली होती. आई रडल्या नाहीत असं मी म्हणणार नाही. पण मी परत निघालो तेव्हा त्यांनी मला दारापाशी थांबवलं आणि विचारलं, "तुही परीक्षा कधी हाय?"

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "देजो." मी दिली आणि पास झालो.

त्यानंतर त्या युनिटमधल्या संध्याकाळच्या चर्चेत अडीच स्टार कोणी दिले नाहीत. ठरवलं नव्हतं. ते प्रवीणचे होते.

फाटकाशी कबूल केल्याप्रमाणे मी आईंना लिहून पाठवलं. ते पत्र असं :

आई, जय भीम.

तुम्ही विचारलं ते लिहून देतो. त्या दिवशी काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. मी रेडिओवर त्याला आपण तिघांनी पाहिलेला पैलवानाचा पिक्चर सांगत होतो.

परवाच्या पिक्चरमधल्यासारखं तो काही बोलला नाही. देशाचं नाव घेतलं नाही. निरोप दिला नाही. त्याला दुखत होतं का, हे मला माहीत नाही. गवळी म्हणतो, तो शांत होता.

शेवटच्या कुस्तीत ती माय पाणी घेऊन दारात उभी असते, तिथवर मी आलो. मी त्याला म्हणालो, "आई म्हणून राहिली होती, त्या दोघाच्या मायले कोणी विचारलंच नाही." तो म्हणाला, "माय बराबर म्हणते." त्यापुढे ओव्हर म्हणाला नाही. हेच त्याचं शेवटचं बोलणं.

आई, त्या आजारात माणूस सगळ्याला हो म्हणतो. त्या दिवशी तो माझ्या खोट्यालाही हो म्हणाला. म्हणून हे त्याचं स्वतःचं होतं की आजारामुळे होतं, हे मी सांगू शकत नाही. एवढंच सांगतो की त्याआधी बराच वेळ तो नुसतं हो म्हणत होता आणि तुमच्या वेळी पूर्ण वाक्य बोलला. यावर मी इतकी वर्षं विचार केला. उत्तर मिळालं नाही. तुम्ही शिकवलंत की येत नसेल ते येत नाही असं लिहावं, म्हणून तसंच लिहिलं.

आता माझं एक. वर्षभर तुम्ही प्रत्येक पिक्चरला चांगला होता म्हणता. मला त्याची भीती वाटते. परवाचा पिक्चर चांगला नव्हता, आई. एवढ्या गोळ्या लागलेल्या माणसाला तुम्ही पूर्वी इतकं बोलू दिलं नसतं.

येत्या रविवारी तिकिटं काढली आहेत. धोटेभाऊ अजून चार स्टारवर अडून बसले आहेत. मला एकट्याला ते ऐकत नाहीत. तुम्ही या आणि भांडा. त्यांच्याशी भांडा, माझ्याशी भांडा. म्हणजे मला कळेल, तुमची तब्येत ठीक आहे.

तुमचा,
सुधाकर