दाराजवळचा बाक

यंदा आमच्या गावच्या चर्चची जुबिली आहे, स्मरणिका निघणार आहे, आणि तिच्यात आजोबांवर दोन पानं मी लिहायची आहेत, असं मंडळीच्या सेक्रेटरीनं मला फोनवर कळवलं. विचारलं नाही, कळवलं. मी लातूरला बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, म्हणून ही बला माझ्या गळ्यात.

"बाई, सलाम. आपलं पहिलं घराणं हाय तुमचं. आज्जांची प्रार्थना, त्यांचा विश्वास, असं छान लिहा. जुबिलीच्या पाटीवर त्यांचंच नाव पहिलं कोरायलोत." मग त्यानं आवाज खाली आणला. "आनि तेवढं भावाचं बघा. त्या दिवशी त्याला घरीच ठिवा. नांदेडचे पाहुणे येनार हायेत. शोभत न्हाई."

माझा धाकटा भाऊ पितो आणि बायकोला मारतो. हे मी लपवत नाही, कारण त्याच्याविरुद्ध चर्चच्या पंचांकडे अर्ज मीच केला होता. दोन वर्षांपूर्वी भावजय गावाहून अहमदपूरमार्गे एस.टी.नं एकटी लातूरला माझ्या दारात आली, डावा हात ओढणीत बांधलेला. मनगट मोडलं होतं. प्लास्टर घालून आणलं आणि त्याच दिवशी मी अर्ज लिहिला. पंचांनी भावाला प्रभुभोजनाची, म्हणजे चर्चमधल्या भाकरीची आणि द्राक्षरसाच्या प्याल्याची, बंदी घातली. ठरावात 'दारूबद्दल' असं लिहिलं. मनगटाचं नाव नाही. मी भांडले, तर म्हणाले, तो घरातला मामला.

मला माझ्या भावाची कीव येत नाही. तो अर्ज मी आजही करीन.

पण आजोबांचं काय? आजोबा पोतराज होते. मिशनच्या गोऱ्या साहेबाचं ऐकून त्यांनी कमरेपर्यंतची जट कापली, बाप्तिस्मा घेतला, आणि गावात पहिली प्रार्थना आमच्याच अंगणात झाली. हे सगळं खरं. तेही प्यायचे आणि आजीला मारायचे, हेही खरं. आजीच्या उजव्या भुवईत एक खाच होती, तिथं केस उगवत नसत. मी लहानपणी त्या खाचेवर बोट फिरवत झोपायची. ती कशानं पडली ते मी बारा वर्षांची झाल्यावर आईनं मला सांगितलं, आणि त्या दिवसापासून मी आजोबांशी धड बोलले नाही. ते मेले तेव्हा मी रडलेही नाही.

आता या माणसाची प्रार्थना मी छान लिहायची.

संदर्भासाठी सेक्रेटरीनं मला मंडळीचं जुनं रजिस्टर दिलं. कसर लागलेलं, मोडीसारखं तिरकं अक्षर. बाप्तिस्मे, लग्नं, मरणं, आणि मागच्या पानांवर शिस्तीच्या नोंदी. तिथं आजोबांचं नाव सापडलं. म्हैस आजारी पडली म्हणून त्यांनी मरीआईपुढं बोकड कापला होता. म्हैस मेली ती मेलीच. नोंद अशी होती: प्रभुभोजनास बंदी, दाराजवळच्या बाकावर बसावे.

मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

दाराजवळचा बाक म्हणजे आमचा बाक. सागवानी, बिनपाठीचा, चर्चच्या अगदी शेवटी. आजोबा त्याच्यावर बसायचे, त्यांच्यानंतर वडील, मग आम्ही. मोठी होईपर्यंत मला वाटायचं की तो आमच्या घराण्याचा मान आहे. पाटलांना जसा पोळ्याचा मान, तसा आम्हाला हा बाक. एकदा सेक्रेटरीची बहीण त्याच्यावर बसली तेव्हा मी तिची वेणी ओढून तिला उठवलं होतं. साठ वर्षं आम्ही ताठ मानेनं शिक्षेच्या बाकावर बसत आलो आणि कुणी आम्हाला सांगितलंही नाही. मला संताप आला आणि मग हसूही आलं. अशी येडी माणसं दुसऱ्या कुठल्या घरात निघायची नाहीत.

बोकडाची नोंद होती, दारूची होती. आजीच्या भुवईची नव्हती. मी दोनदा शोधली. बंदी उठवल्याचंही कुठं लिहिलेलं नव्हतं. पण खाली वेगळ्या शाईत आजीबद्दल एक ओळ होती: हिला बंदी नाही, तरी मागे बसते व प्याला घेत नाही. सांगूनही ऐकत नाही.

या ओळीनं मला दोन दिवस झोप दिली नाही. आधी मी आजीवरच चिडले. ज्यानं कपाळ फोडलं त्याच्या शेजारी जाऊन बसायचं? एवढी कसली पतिभक्ती? मग ते दोघं कसे बसायचे ते आठवलं. आजोबा बाकाच्या या टोकाला, आजी त्या टोकाला. मध्ये आम्ही चार नातवंडं मावायचो. आजी त्यांच्याकडे बघत नसे. प्रार्थनेतही तिची मान समोर असे. तिनं त्यांना माफ केलं असेल असं मला वाटत नाही. पण हा माणूस मंडळीतून गळून पडायचा असेल तर आधी मला हलवा, असं काहीतरी ती तिथं बसून सांगत होती. मला ते आवडत नाही. पण समजतं.

बायबलातल्या पहिल्या शुभवर्तमानाची सुरुवात येशूच्या पूर्वजांच्या नुसत्या नावांच्या यादीनं होते. रविवारच्या शाळेत ती पाठ करताना आमची जीभ वळायची नाही. त्या यादीत सासऱ्यापासून पोरं झालेली सून आहे, धंदा करणारी बाई आहे, दुसऱ्याची बायको ठेवून घेऊन नवऱ्याला लढाईत मारवणारा राजा आहे. देवानं स्वतःच्या लेकाचं घराणं सांगताना यातलं कुणी गाळलं नाही. आणि आमच्या सेक्रेटरीला नांदेडचे पाहुणे येणार म्हणून लाज वाटते.

मी दोन पानं लिहिली. जट, बाप्तिस्मा, दारू, बोकड, भुवई, बाक, सगळं. मग गावी जाऊन भावाला भेटले. तो ओट्यावर बसला होता, शुद्धीत. सेक्रेटरीचा निरोप त्याला आधीच पोचला होता.

"आक्का, मी येत न्हाई," तो म्हणाला. "आनि पुन्हाबी येनार न्हाई. माझं नाव काढून टाका म्हनाव. मातीबी कुठंबी द्या."

"आज्ज्यानं मरेपर्यंत बंदी भोगली. त्यानं तोंड लपवलं न्हाई."

"आज्ज्याला बसायला बाक तरी होता. मला सांगतेत, घरी बस."

हे बोलणं मला झोंबलं, कारण ते खरं होतं. त्या जुन्या माणसांनी आजोबांना शिक्षा केली, पण आत बसवून केली. हे नवे लोक गोड बोलून घरी ठेवतात. चर्चला आता फरशी आहे, प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत, स्क्रीन आहे. बाक बाहेर व्हरांड्यात टाकलाय. लोक त्याच्यावर बसून चपला काढतात.

"यायचंच," मी म्हणाले. "आनि तिच्या अंगाला पुन्हा हात लागला तर मी पंचांकडं न्हाई, पोलिसांत जाईन." त्यानं मान खाली घातली. वचनबिचन काही दिलं नाही, आणि दिलं असतं तरी मी धरलं नसतं.

जुबिलीच्या रविवारी पाटीवरचा पडदा निघाला. आजोबांच्या नावापुढे 'थोर प्रार्थनावीर' असं कोरलेलं होतं. स्मरणिका उघडली. माझ्या दोन पानांचं अर्धं पान झालं होतं. जट राहिली, बाप्तिस्मा राहिला, बाकी सगळं गायब, आणि खाली माझं नाव.

सेक्रेटरीनं माइकवरून पुकारलं, "पहिल्या घराण्यानं पुढच्या रांगेत यावं."

भाऊ व्हरांड्यात उभा होता, चपला घालाव्या की काढाव्या अशा पेचात. मी बाहेर गेले. बाकावरच्या चपला खाली ढकलल्या आणि म्हणाले, "धर तिकडून." तो बघत राहिला. "धर म्हनते ना!" आम्ही दोघांनी तो बाक उचलून आत आणला, दाराजवळ, जुन्या जागी. फरशीवर तो खरखरत गेला. गाणं चालू होतं तरी सगळ्यांनी वळून पाहिलं. भावजयीनं पाहिलं नाही. ती पोरांना घेऊन पुढं बसली होती, आणि तिनं का पाहावं?

भाऊ या टोकाला बसला, मी त्या टोकाला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. माझा राग गेलेला नव्हता.

प्रभुभोजन सुरू झालं. प्याल्यांचं तबक घेऊन खुद्द सेक्रेटरी रांगेरांगेनं मागे आला. भावाला ओलांडून तो माझ्यापुढे थांबला. मी हात पुढे केला नाही. पाहुणे बघत होते, त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"बाई," तो दबक्या आवाजात म्हणाला, "बंदी त्याला हाय. तुम्हाला न्हाई."

"म्हाईत हाय," मी म्हणाले. "रजिस्टरात लिहून ठेवा. सांगूनही ऐकत नाही."