काळी दोन, पांढरी एक

आमच्या बँडला नाव नव्हतं. मोताळ्याला स्टेजवर चढल्यावर आमच्या निवेदकाने ऐन वेळी "बुलढाण्याची मंडळी" म्हणून टाकलं आणि तिन्ही दिवस तेच चाललं. आम्ही चौघं कॉलेजातले. एक गाणारी, एक ढोलक वाजवणारा, एक निवेदक (व्हॅन त्याच्या घरची, म्हणून गाडीही तोच चालवायचा) आणि कीबोर्डवर मी. पहिल्या दिवशी मोताळा, दुसऱ्या दिवशी बीबी, तिसऱ्या दिवशी साखरखेर्डा. एवढाच आमचा दौरा.

बाकीचे तिघं व्हॅनच्या खिडक्या उघड्या टाकून गात होते. मी कीबोर्ड मांडीवर घेऊन बसले होते, कारण माझं एक गुपित त्यात होतं.

मी इंग्रजी शाळेतली. सकाळच्या प्रार्थनेला कीबोर्ड वाजवायचे. मिसने शिकवलेल्या सगळ्या प्रार्थना पांढऱ्या पट्ट्यांवरच्या, म्हणून मला एकच सूर येत होता, पांढरी एक. आमच्या गाणारीचा आवाज चढा. ती काळी दोनमध्ये गायची. पेटीवाला माणूस बोटं सरकवून कुठल्याही सुरात वाजवतो. मला ते जमत नव्हतं. पण माझ्या कीबोर्डला सूर चढवायचं एक बटन होतं. ते तीनदा दाबलं की बोटं पांढरी एकची आणि आवाज काळी दोनचा. गाण्यागणिक वाद्याचा आवाज बदलला की सूर परत पांढरी एकवर यायचा, म्हणून दर गाणं सुरू व्हायच्या आधी ओढणी सावरल्यासारखं करून मी ते दाबायचे. दोन वर्षं कुणाला कळू दिलं नव्हतं. कळलं तर ते खरा वाजवणारा शोधतील, असं मला वाटायचं, आणि या तिघांशिवाय मला दुसरे मित्र नव्हते.

मोताळ्याला विहारासमोर मांडव होता. त्रिशरण-पंचशील झालं, मग आमची गाणी. समोर गाणारीचे मामा बसले होते. ते पंचक्रोशीत पेटीवर साथ करायचे. त्यांची नजर गाण्यापेक्षा माझ्या बोटांवरच जास्त होती. जेवताना ते माझ्या शेजारी येऊन बसले.

"कोणत्या सुरात वाजवतं वं पोरी?"

"काळी दोन," मी म्हणाले आणि भाकरीकडे पाहत राहिले.

"हात साफ आहे तुया," ते म्हणाले. मग भाचीकडे वळले. "मी येऊ का उद्या बीबीले? पेटी घेऊन?"

मी हातातला घास ताटात ठेवला. गाणारी वाढता वाढता म्हणाली, "गाडीत जागा नाही, मामा."

जागा होती. मागच्या सीटवर ढोलक एकटंच गोधडीत गुंडाळून झोपलं होतं. ती असं का म्हणाली ते मला कळलं नाही, पण मी पुन्हा जेवू लागले.

चूक त्यानंतर झाली. निवेदकाच्या बिनवायरच्या माइकचे सेल संपले होते. त्याने माझा कीबोर्ड उलटा केला आणि सेल काढून घेतले. "मॅडम, तुमाले तं वायर आहे ना." मला माहीत होतं, की सेल नसताना लाइट गेली तर कीबोर्ड बंद पडतो आणि पुन्हा सुरू होताना पांढरी एकवर येतो. नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. मी मान हलवली.

बीबीला एका शाळेचं स्नेहसंमेलन होतं, दुपारचं. हे ढोलकवाल्याचं गाव. त्याच्या फुप्पीने आम्हाला आधी पोटभर खाऊ घातलं आणि मग स्वतः पहिल्या रांगेत येऊन बसली, आजूबाजूच्या बायांना "वो मेरा भतीजा" म्हणून सांगत. गाणारीने कापूस वेचणीचं गाणं घेतलं. ते तिनेच बांधलेलं. दुसऱ्या कडव्यात लाइट गेली. स्पीकर मुके झाले, पण ढोलक थांबलं नाही. गाणारी स्टेजच्या कडेला येऊन बिनमाइकची गाऊ लागली, मुलं टाळ्या धरू लागली. मी हात मांडीवर ठेवून बसले होते. तितक्यात पंखे फिरले, सगळं मैदान ओरडलं, आणि त्या आनंदात मीही जोरात वाजवायला सुरुवात केली.

बटन दाबायचं राहिलं होतं.

गाणं एकीकडे आणि माझा सूर भलतीकडेच खाली. ढोलकवाल्याने दचकून वर पाहिलं. माझी बोटं पट्ट्यांवरच गोठली. आता बटनाकडे हात नेला तर सगळ्यांसमोर, नाही नेला तर गाणं गेलं. गाणारीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एक श्वास घेतला आणि ती खाली माझ्या सुरात उतरली. तेच कडवं पहिल्यापासून.

तिचा आवाज तिथे जाड लागत होता, घरात काम करताना लागतो तसा. आणि मग समोरून फुप्पी गाऊ लागली. तिच्या शेजारची बाई, मग तिच्या मागच्या दोघी. आतापर्यंत त्या नुसत्या ओठ हलवत होत्या. गाणारीच्या चढ्या सुरापर्यंत कुणाचा आवाज पोचतच नव्हता. शेवटचं कडवं सगळ्या मैदानाने म्हटलं.

साखरखेर्ड्याच्या रस्त्यावर एका टपरीवर आम्ही चहाला थांबलो. चहा हातात आल्यावर मीच म्हणाले, "मला काळी दोन येत नाही. मी बटन दाबते."

"मालूम आहे," ढोलकवाला म्हणाला. "गाण्याच्या आंधी तुयी ओढणी घसरतेच. न घसरता घसरते."

"पण आज तं तुनं माया ढोलकची इज्जत काढली," तोच पुढे म्हणाला. "काळी दोनवर चढवून आणलं होतं न मी."

निवेदक बशीतला चहा सांडेपर्यंत हसला. "म्हणजे सेलचा घोळ? मले सांगाचं ना, मॅडम!"

मी गाणारीकडे पाहिलं. "मामांना काल म्हणूनच नाही म्हणालीस?"

"मामानं तं पाहताक्षणी ओयखलं. मले म्हणे, पोरगी बटनावर वाजवते, पण वाजवते चांगलं."

"मग मला कधी बोलली का नाहीस?"

"तू नव्हती सांगत. मंग मी काऊन बोलू?" ती म्हणाली आणि माझ्या बशीत उरलेलं बिस्कीट उचलून खाल्लं.

साखरखेर्ड्याला बचत गटाच्या बायांसमोर कार्यक्रम होता. प्रत्येक गाण्याआधी गाणारी माइकवरच म्हणायची, "दाब वं," आणि मी सगळ्यांदेखत हात वर नेऊन तीनदा दाबायचे. ओढणी जागेवर राहिली. कापसाच्या गाण्याआधी मी पुन्हा हात नेला तर तिने मान हलवली.

"हे पांढरी एकमधीच," ती म्हणाली. "बायांले म्हणता आलं पाह्यजे."

ढोलकवाला ढोलकच्या चाव्या सैल करून सूर उतरवत पुटपुटत होता. तो थांबेपर्यंत आम्ही दोघी थांबलो.

गाणारी आता नागपूरला नोकरी करते, मी पुण्यात. इथे मी पेटीच्या क्लासला जाते, काळी दोन हळूहळू हातात बसते आहे. कापसाचं गाणं मात्र मी अजून त्यात वाजवून पाहिलेलं नाही.