दिव्याला काय म्हणायचं?

वीज साठवायला बॅटरी लागते, किस्से फुकटात साठतात. रत्नागिरीतला आमचा वीजबचत कक्ष तीन माणसांचा: प्रमुख मॅडम, वायरमन साळवी आणि मी. गावोगाव फिरून वीज, पाणी, ओला कचरा यांवर बोलायचं, हे काम. मार्चअखेर एका तरी ग्रामसभेने वीजबचतीचा ठराव केला नाही तर कक्ष बंद, असं वरून कळवलेलं. मॅडमनी तो सात वर्षं खपून उभा केलाय.

*

सुरुवात घरापासून म्हणून आधी आमच्याच ऑफिसात सेन्सर बसवले. खोलीत माणूस नसेल तर दिवे आपोआप बंद. पहिल्याच दिवशी आम्ही तिघंही टेबलावर बसून काम करत असताना अंधार झाला. साळवी म्हणाला, "मशीन हुशार हाय. सरकारी ऑफिस वळखलान."

*

एका वाडीत घरटी दोन एलईडी बल्ब वाटले. महिन्याने पाहणीला गेलो तर सगळीकडे जुनेच पिवळे दिवे. एका काकांनी कपाटातून नवे बल्ब खोक्यासकट काढून दाखवले. म्हणे, गणपतीत मुंबईची मंडळी येतील तेव्हा लावू, आत्ता कशाला वापरून खराब करायचे!

*

हेदवीकडे एका घरातला सोलर दिवा लागेना. साळवी कौलांवर चढला तर पॅनेलवर आमसुलं वाळत घातलेली. वहिनींना विचारलं तर त्या आमच्यावरच वैतागल्या. उन्हाचं यंत्र म्हणून दिलंत, मग चार दिवस झाले तरी ती वाळत का नाहीत? मॅडमनी अहवालात लिहिलं, "सौर ऊर्जेचा थेट वापर सुरू."

*

शेवटची आशा पूर्णगड. सभेच्या आदल्या दिवशी आम्ही शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलं: 'बाहेर पडताना दिवा विझवा.' झालं, सभेला आलेल्या बायका भिंत बघून बसायलाच तयार होईनात. काशीबाई म्हणून एक म्हातारी पुढे आली. तिचे दोन्ही मुलगे ट्रॉलरवर.

"घरची माणसं दर्यात हायत, नि तुमी भिंतीवर विझवा लिवताव?"

चूक आमचीच. साळवीने घाईघाईत 'शांत करा' सुचवलं. माणूस गेला की 'शांत झाला' म्हणतात; त्यावर तर चार जणी उठून चालायला लागल्या. मला खरंच वाटलं, संपलो आपण.

मॅडम मात्र खुर्ची ओढून काशीबाईंच्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, मग तुम्हीच सांगा, काय लिहू?

काशीबाई म्हणाल्या, "माणूस घरातना निघताना जातो म्हनत नाय, येतो म्हनतो. दिव्याला पन तेच सांगायचा."

मॅडमनी स्वतः ब्रश घेतला. भिंतीवर आलं: 'बाहेर पडताना दिव्याला येतो म्हणा, बटण बंद करा.' तसाच्या तसा ठराव एकमताने पास.

आठवड्याने वरून पत्र आलं: "ठरावातील 'येतो' म्हणजे नेमके केव्हा, याचा खुलासा करावा. तोवर मंजुरी राखून ठेवण्यात येत आहे."

मॅडमनी खाली एकच ओळ लिहून कागद परत पाठवला आणि त्या ओळीवर मंजुरी आली, कक्षही राहिला. ओळ अशी होती:

"घरचं माणूस दर्यावरून आल्यावर."