रणगाड्याला पाजलेला चहा

एका रविवारी हे आणि यांचे मित्र हातगाडीवरून दोन रणगाडे घेऊन आले. त्या दिवसापासून रविवार माझा राहिला नाही.

एकाहत्तरचं युद्ध संपून वर्ष होत आलं होतं. नगर शहरात खऱ्या रणगाड्यांचं कुणाला नवल नव्हतं. लष्कराच्या हद्दीतून येणारी त्यांची घरघर ऐकतच मी शाळेत मुलींना व्याकरण शिकवायची. यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि मित्राचा सोड्याचा कारखाना. दोघांनी प्लायवूड, पत्रा आणि सायकलच्या चेनी जोडून पाळण्याएवढे रणगाडे केले. ते रेडिओच्या लहरींवर लांबून चालायचे. पोटात मोटारसायकलची बॅटरी आणि तोफेला गॅस. हा गॅस सोड्याच्या कारखान्यातला, लहान बाटलीत भरून आणलेला. त्याच्या जोरावर तोफेतून वाळलेला वाटाणा सुटे. प्रत्येक रणगाड्यावर उडदाचा एक पापड उभा बांधलेला असायचा. दर रविवारी सकाळी मैदानावर लढाई व्हायची; ज्याचा पापड आधी फुटेल तो हरला. पापड अर्थातच माझे.

बॅटरी आमच्या खिडकीत चार्जिंगला असायची. सकाळी उठल्यावर हे आधी तिच्यातलं पाणी बघत. डोळे बारीक करून, मान तिरकी करून, किती मायेनं! मला त्याच महिन्यात चष्मा लागला होता. तो यांना आठवड्यानं दिसला. बॅटरीतल्या तेजाबाचे थेंब उडून माझ्या दोन पातळांना भोकं पडली, तेव्हा हे म्हणाले, "अगं, जपून. बॅटरीला धक्का लागला असता."

मित्राचाही मला राग यायचा. माणूस वाईट नव्हता. पण हे त्यांच्याशी जितकं बोलत, तितकं माझ्याशी कधी बोलले नाहीत.

एकदा मी यांच्याकडून कबूल करून घेतलं, की सकाळची लढाई आटोपली की दुपारच्या एस.टी.नं आपण दोघंच कोल्हारला जायचं. प्रवरेच्या काठी बसायचं. बाकी काही नको. मी दशम्या बांधल्या, थर्मासमध्ये चहा भरला आणि यांनी घाई करावी म्हणून स्वतःच मैदानावर जाऊन उभी राहिले.

लढाई संपेना. यांच्या रणगाड्यात जागा कमी म्हणून यांनी गॅसची बाटली आडवी बसवली होती. चार-दोन वाटाणे सुटले आणि तोफ गप्प झाली. झाकण उघडलं तर आडव्या बाटलीतून गॅसऐवजी त्याचा गारठलेला द्रव येऊन तोटीवर पांढरा बर्फ जमला होता. समोरून मित्राचा रणगाडा हळूहळू जवळ येत होता.

"काय दोस्ता, थंडी वाजली का तोफेला?" मित्र ओरडले. "शाल आणू का?"

"थांब रे, थांब जरा!"

"लढाईत कोण थांबतंय?"

यांनी माझ्याकडे वळून हात पुढे केला. लग्नानंतर चारचौघांत यांनी माझ्यापुढे हात केला, तो तेव्हाच. मी पुढे झाले. यांनी माझ्या हातातला थर्मास घेतला, बूच काढलं आणि सगळा चहा त्या तोटीवर ओतला. वेलदोड्याचा वास मैदानभर पसरला. बर्फ वितळला, तोफ फट्‌कन वाजली आणि समोरचा पापड फुटला.

"वहिनी, तुमच्या चहानं घात केला माझा!" मित्र पोट धरून हसत होते. हेही हसत होते, आणि कौतुकानं बघत होते, रणगाड्याकडे.

एस.टी. गेली. "पुढच्या रविवारी जाऊ," हे म्हणाले. पुढच्या रविवारी नवी तोटी आली.

गेल्या वर्षी हे गेले. मित्र आले आणि लहान मुलासारखे रडले. मला तसं रडता येत नव्हतं. त्यांना यांच्या किती गोष्टी आठवत होत्या! कुठल्या चढावर बॅटरी बसली, तेव्हा हे काय म्हणाले, मग कसे रुसले. यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. मी पाणी पुढे केलं आणि मनात म्हटलं, आता पुरे, माझ्यासाठी थोडं ठेवा.

जाताना त्यांनी चाचरत रणगाडा मागितला. मी दिला. मग त्यांची नजर फडताळाकडे गेली. "वहिनी, तो थर्मास तोच ना?"

"हो," मी म्हटलं. "तो नाही मिळायचा."

कोल्हारला मी अजून गेलेले नाही. थर्मास फडताळात आहे.